दिसतं तसं नसतं : हाताने लिहिलेली पानं, ओढून मांडलेली पानं आणि आपली मराठी



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने संगणकावर बोलावं, हे ऐकून काही जण घरूनच हसत आले असतील. हसायला हरकत नाही. आम्ही काही तंत्रज्ञ नाही. पण आमच्या हातून एक चूक झाली होती आणि ती नेमकी तत्त्वज्ञानातली होती. वेबपान हाताने कोड लिहून करावं, की पडद्यावर चित्रं नि मजकूर ओढून मांडता येणाऱ्या साधनाने करावं, या वादात ती चूक लपलेली होती. म्हणून आज त्या वादाचा इतिहास सांगायचा आणि शेवटी आपली चूकही सांगायची, असं ठरवून आलो आहोत.

सुरुवात आपल्या स्टेशनापासून करू. इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. नागपूरहून येणारी छोटी लाईन १९०८ सालची. गोंदिया ते चांदा फोर्ट हा मार्गही पूर्वी छोटाच होता. १९९० च्या दशकात तो मोठा झाला आणि नागभीडला दोन गेज समोरासमोर आले. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. मग माणसांनी उतरायचं, गाठोडी उचलायची, दुसऱ्या फलाटावर जायचं. २०१९ साली छोटी गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर आपण हे रोज पाहिलं. हा गेजचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वेबचा जन्म. १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला. पुष्कळांना हे माहीत नसतं की तो नुसता पानं दाखवणारा नव्हता, पानं लिहिणाराही होता. ज्या खिडकीत वाचायचं त्याच खिडकीत लिहायचं, शब्द निवडायचा आणि दुसऱ्या पानाला जोडून द्यायचा. कोनदार कंसातले ते टॅग लोकांनी आपल्या हाताने लिहीत बसावेत, अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. म्हणजे या वादात 'दृश्य' पक्ष आधीचा आहे, 'हात' पक्ष नंतरचा! आपल्याकडे उलटी समजूत आहे.

मग हाताने लिहायची वेळ का आली? तो पहिला ब्राउझर नेक्स्ट नावाच्या एकाच जातीच्या संगणकावर चालत असे आणि ते संगणक महाग, थोडक्यांकडे असलेले. सगळ्या संगणकांवर चालेल असा जो साधा ब्राउझर नंतर तयार झाला, त्यात लिहिण्याची सोय नव्हती. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातून मोझॅक आला. त्यात मजकुराच्या ओळीतच चित्रं दिसू लागली आणि जग वेबकडे धावलं. पण मोझॅकमध्येही पान फक्त पाहता येई, लिहिता येत नसे. वाचणारे लाखो झाले, लिहिण्याची सोय मात्र मागे राहिली. ज्याला लिहायचं होतं त्याने साधा मजकूर-संपादक, म्हणजे नोटपॅडसारखं काहीतरी उघडायचं आणि टॅग लिहायचे. इथे शीर्षक सुरू, इथे संपलं. इथे परिच्छेद, इथे चित्र, ते चित्र अमुक फोल्डरात आहे.

हे शिकवायला कोणी गुरू नव्हता. पण ब्राउझरमध्ये एक दार ठेवलेलं होतं. कुठलंही पान उघडा, 'सोर्स पाहा' म्हणा, की त्या पानाची सगळी शिवण समोर. दुसऱ्याचं पान उसवून बघायचं आणि तसं आपलं शिवायचं. छापखान्यात पोरं जशी खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभी राहून उलटी अक्षरं वाचायला शिकत, तशी ही एक पिढी शिकली. कुठल्याही अभ्यासक्रमाविना इतके लोक एक लेखनपद्धती शिकले, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे.

आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. जवळपास त्याच सुमारास दृश्य साधनं बाजारात आली. व्हर्मीर नावाच्या छोट्या कंपनीचं फ्रंटपेज १९९५ मध्ये आलं आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. १९९७ च्या डिसेंबरात मॅक्रोमीडियाचं ड्रीमविव्हर आलं. यांचं वचन एकच होतं, 'दिसेल तेच मिळेल'. पडद्यावर मजकूर टंका, चित्र ओढून आणा, जिथे हवं तिथे सोडा. खालचं कोड आम्ही लिहू, तुम्ही बघूसुद्धा नका.

या साधनांवर तेव्हाही टीका झाली. एका ओळीच्या मजकुरामागे दहा ओळींचं कोड निघे. पानाची मांडणी करायला तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता आणि मध्ये जागा सोडायला एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र. फोनच्या तारेवरून कूर्मगतीने येणाऱ्या इंटरनेटवर हे ओझं भारी होतं. फ्रंटपेजमधल्या काही सोयी, उदाहरणार्थ पाहुणे मोजणारा आकडा, सर्व्हरवर त्यांचीच खास जोडणी असेल तरच चालत. २००६ साली फ्रंटपेज हे उत्पादनच बंद झालं. हाताने लिहिणारे म्हणत, बघा, आम्ही सांगत होतो. दृश्य साधनंवाले म्हणत, तुमच्या कोडपायी शाळेचा मास्तर, दुकानदार, कवी कधी पान करणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

हा झाला जगाचा वाद. मराठीत मात्र तो वेगळ्याच ठिकाणी जाऊन टोचला. कसा, ते नीट समजून घेऊ.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. रोमन लिपीचं ते फार पूर्वी ठरलं होतं. भारतीय लिप्यांसाठीही इस्की नावाचं मानक झालं, १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ते प्रसिद्ध केलं. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोठं काम केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला तिचे स्वतःचे आकडे मिळाले. पण कागदावर मानक असणं आणि टेबलावरच्या संगणकाला ते उमगणं यांत दहा वर्षं गेली. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली, आणि तिच्यासोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा टंक.

मधल्या काळात लोक थांबले नाहीत. थांबणार तरी कसे? त्यांनी युक्ती केली. रोमन अक्षरांच्या आकड्यांवरच मराठी चित्रं बसवली. आकडा रोमन अक्षराचाच, पण त्या जागी चित्र काढलं 'क' चं. शिवाजी, शुषा, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती अशी कितीतरी नावं तुम्हाला आठवतील. प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकात ज्या कळीवर 'क' तिथे दुसऱ्यात 'ा'. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर सूचना असे, आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या, मग बातम्या वाचा. आता गेज आठवा. प्रत्येक फॉन्ट म्हणजे एक स्वतंत्र गेज. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चढत नाही.

पण गेजपेक्षाही खोल एक गोष्ट होती. 'किती' हा शब्द घ्या. आपण उच्चारताना आधी क, मग इ. लिहिताना मात्र ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी दिसते. 'धर्म' घ्या. उच्चारात र आधी, म नंतर. पण रफार दिसतो म च्या डोक्यावर. म्हणजे आपल्या लिपीतच दिसण्याचा क्रम वेगळा आणि असण्याचा क्रम वेगळा आहे. इस्कीने आणि युनिकोडने उच्चाराचा क्रम धरला. आत 'क' मग 'ि' साठवायचं, पडद्यावर दाखवताना वेलांटी पुढे आणायची, ते काम यंत्राचं. जुन्या फॉन्टांनी डोळ्याचा क्रम धरला. जसं दिसतं तसंच साठवलं. आधी वेलांटी, मग क. 'दिसेल तेच मिळेल' याचा याहून टोकाचा नमुना सापडणार नाही. पडद्यावर शुद्ध मराठी. आत मराठीचा एकही वर्ण नाही, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, तीही चित्राच्या क्रमाने.

आता आमची गोष्ट.

२००२ साली आम्ही ज्या महाविद्यालयात होतो, तिथे संकेतस्थळ करायची टूम निघाली. आमच्या विद्यार्थ्यांनी तेव्हा दोन उन्हाळे गावोगाव फिरून झाडीपट्टीतल्या शब्दांचा संग्रह केला होता. बांधी, बोडी, पऱ्हे, रोवणी, आवत्या, धानाच्या, मोहाच्या, मासोळीच्या कामातले शब्द आणि त्यांचे अर्थ. सोबत एका म्हाताऱ्या आजीने सांगितलेली रोवणीची गाणी, एका वहीत उतरवलेली. ते सगळं संकेतस्थळावर ठेवायचं ठरलं. शहरातल्या एका कंत्राटदाराला काम दिलं. त्याने आमच्याच कार्यालयातल्या संगणकावर बसून, दृश्य साधनात चित्रं ओढत, आठवड्याभरात पानं उभी केली. शब्द एका फॉन्टात टंकले. गाणी मात्र त्याने नक्षीदार अक्षरांत चित्रं म्हणून बनवली. छान दिसतील म्हणाला. दिसलीही छान.

आमच्या वर्गात त्या वेळी तलावाकाठच्या एका खेड्यातला विद्यार्थी होता. तो ब्रह्मपुरीला सायबर कॅफेत जाऊन, लोकांच्या पानांचं सोर्स बघून, नोटपॅडमध्ये पान लिहायला शिकला होता. आपल्या गावच्या मामा तलावावर त्याने एक पान केलं होतं. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं, बाकी काही नाही. ते आम्हाला दाखवायला आणलं. आम्ही म्हणालो, बाबा रे, आता साधनं आली, हे हाताने टॅग लिहीत बसणं म्हणजे गिरणी असताना जात्यावर दळणं. तो म्हणाला, सर, पण मला कळतं ना, आत काय आहे ते. आम्ही हसलो. हे हसणं आज सांगायला बरं वाटत नाही.

उद्घाटनाला त्या आजीला मुद्दाम आणलं. कार्यालयातल्या संगणकासमोर बसवलं आणि तिची गाणी पडद्यावर दाखवली. वाचता तिला येत नव्हतं, पण नक्षी बघून खूश झाली. तिने विचारलं, "हे पुन्यात माज्या नातीले दिसल का?" आम्ही म्हणालो, आजी, पुण्यातच काय, साऱ्या जगात दिसेल. टाळ्या झाल्या. चहा झाला.

पुढे काही वर्षांनी आजी गेली. आम्हीही निवृत्त झालो. २०१४ मध्ये एका अभ्यासकाने त्या शब्दसंग्रहाची चौकशी केली, म्हणून आम्ही नव्या संगणकावर ती पानं उघडली. शब्दांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. गाण्यांच्या जागी रिकाम्या चौकटी. कंत्राटदाराने तो धंदाच सोडलेला, वही त्याच्याकडून कधी परत आलीच नव्हती आणि कार्यालयातला जुना संगणक भंगारात गेलेला.

आम्ही त्या विद्यार्थ्याला शोधलं. तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. एका रविवारी आला, आमच्या ओट्यावर बसला आणि पहिलं काम त्याने तेच केलं. 'सोर्स पाहा.' कोडात प्रत्येक परिच्छेदाला फॉन्टचं नाव लिहिलेलं होतं. तो म्हणाला, सर, शब्द वाचतील, हा नुसता अदलाबदलीचा खेळ आहे. त्याने तक्ता केला. या चिन्हाच्या जागी हे अक्षर. मग वेलांटी उचलून अक्षराच्या मागे न्यायची, रफार उचलून पुढे आणायचा. पहिल्या खेपेला 'स्थिती' सारखे शब्द मोडले. वेलांटी एकच अक्षर ओलांडून थांबली, तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडायला हवं होतं. ते दुरुस्त केलं. तीन रविवारांत शब्दसंग्रह युनिकोडमध्ये उभा राहिला. आज तो कुठल्याही फोनवर वाचता येतो.

मग गाणी. त्याने चित्राची ओळ काढली आणि गप्प बसला. आम्ही विचारलं, काय झालं? त्याने बोट ठेवून दाखवलं. चित्राचा पत्ता होता त्या कार्यालयातल्या संगणकाच्या सी ड्राइव्हचा. चित्र ओढून टाकलं तेव्हा साधनाने घरचाच पत्ता लिहून ठेवला होता आणि चित्रं सर्व्हरवर कधी चढवलीच गेली नव्हती. म्हणजे ती गाणी आधी दिसत होती आणि नंतर गेली, असं नव्हतं. ती त्या एका संगणकाखेरीज जगात कुठेच, कधीच दिसली नव्हती. पुण्यात नाही, नागपुरात नाही, शेजारच्या खोलीतसुद्धा नाही. आम्ही बारा वर्षं समजत होतो की ती प्रसिद्ध झाली आहेत.

दोष कंत्राटदाराचा होता, होय. पण आम्ही एकदा तरी दुसऱ्या संगणकावरून बघितलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. वही तेव्हा होती. आजी होती.

न्यायदर्शन आम्ही तीस वर्षं शिकवलं. त्यात अनुमानाचा एक दोष सांगतात, उपाधी. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे अनुमान वरवर बरोबर वाटतं. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. कारण धुराला अग्नीसोबत ओलं सरपण लागतं. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. आम्ही हे फळ्यावर लिहिलं, परीक्षेत विचारलं. आणि 'पान दिसतंय, म्हणजे पान आहे' असं अनुमान केलं तेव्हा 'याच संगणकावर, याच फॉन्टात' ही उपाधी आम्हाला दिसली नाही.

यावरून हाताने लिहिणारे बरोबर आणि दृश्य साधनंवाले चूक, असा निकाल आम्ही देणार नाही. तो अन्याय होईल. जुन्या फॉन्टात कोणी नोटपॅडमध्ये लिहिलं असतं, तरी त्याचाही आज कचराच झाला असता. त्या विद्यार्थ्याचं पान टिकलं, कारण त्याने विंडोज २००० वर युनिकोडमध्ये लिहिलं आणि फाइल साठवताना कुठल्या पद्धतीने साठवायची, हा प्रश्न त्याच्यासमोर आला. हाताने लिहिणाऱ्याला असे प्रश्न पडतात. चित्र कुठे आहे, लिपी कुठली, पत्ता कोणता, हे त्याला स्वतः लिहावं लागतं. साधन हे प्रश्न आपल्या वतीने सोडवतं, आणि आपल्याला ते पडूच देत नाही. त्याने पान जिओसिटीजवर ठेवलं होतं. ती सेवा २००९ साली बंद झाली, लोकांची असंख्य पानं तिच्यासोबत गेली. पण त्याची फाइल त्याच्याकडे होती, कारण पान म्हणजे एक फाइल आहे हे त्याला ठाऊक होतं.

दुसरी बाजूही बघा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. तिथे कोडच्या मानाने सोपी खूणपद्धती होती, दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस, एवढंच. तरी ते कंस बघून कितीतरी जाणकार, वयस्क माणसं परत गेली असतील. २०१३ पासून विकिपीडियात दृश्य संपादक येऊ लागला. वर्डप्रेसमध्ये २०१८ च्या डिसेंबरात ठोकळे मांडून पान करायची पद्धत आली. आज आपल्या तालुक्यातला बचत गट फोनवरून आपलं पान करतो, ते या साधनांमुळेच. बर्नर्स-ली यांना १९९० साली जे हवं होतं, ते आता कुठे हाताशी येतंय. त्याला नावं ठेवणारे आम्ही कोण?

मग काय करायचं? त्याचं उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पाहिलं असेल. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीतल्या पटेल-३ धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या. त्यातून बारीक तांदळाचा जो वाण आला, त्याला त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून एचएमटी नाव पडलं, आणि तो दूरदूर गेला. दादाजी २०१८ साली गेले. आता एचएमटी पेरणाऱ्या प्रत्येकाने लोंबी न् लोंबी तपासत बसावं का? नाही. बहुतेकांनी पिशवीतलं बी पेरलं, त्यात काही गैर नाही. पण शिवारात एकाची तरी नजर लोंबीपर्यंत जात होती, म्हणून ते बी जन्माला आलं.

आमचं मागणं एवढंच आहे. पानं खुशाल ओढून मांडा. पण प्रत्येक शाळेत, प्रत्येक ग्रंथालयात दोन-चार मुलं अशी तयार करा, ज्यांना सोर्स उघडून वाचता येतं. एका तासात कोड लिहिता आलं नाही तरी चालेल, 'हे चित्र नेमकं कुठे आहे?' एवढं विचारता आलं पाहिजे. आणि आपल्या गावाचं जे काही तुम्ही जालावर ठेवाल, ते दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या गावाहून, एकदा उघडून बघा. मूळ वही परत मागून घ्या.

आजीची नात पुण्यात असते. मागच्या वर्षी आम्ही तिला फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, दोन गाणी मला अर्धीमुर्धी येतात. ती तिने म्हणून पाठवली. त्या शिक्षकाने ती उतरवली, युनिकोडमध्ये, साध्या पांढऱ्या पानावर. या सभागृहात ज्यांच्या घरी रोवणीची गाणी येणारं कोणी असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर आमच्याकडे नाव द्यावं. तो शिक्षक मागच्या रांगेत बसला आहे. वही त्याच्याकडे आहे, आणि या वेळी ती परत मिळेल.